मालुबाईची हाक

कोगनोळीच्या मालुबाईचं घर हायवेच्या अलीकडं आणि रान पलीकडं. नवरा, रवळू, तो रस्ता ओलांडताना तिच्या डोळ्यांदेखत ट्रकखाली गेला. तेव्हापासून रस्त्याच्या कडेला गेली की तिचे पाय लटपटायचे. रान पडून राहिलं, तसं पोरानं ते दुसऱ्याला कसायला द्यायचं ठरवलं. मालुबाईला हे मरणाहून वाईट वाटलं. हयात गेलेली तिची त्या मातीत.

सून रचना निपाणीत नोकरीला. ती सासूला तिथल्या सुनयनाकडं घेऊन गेली. मनाला बसलेला धक्का डोळ्यांच्या हालचालींनी हलका करायचा, हे सुनयनाचं काम.

मालुबाई बसली, पदर डोळ्याला लावला आणि सुरू झाली. दुखवट्याला येईल त्याला सगळं पहिल्यापासून सांगावंच लागतं. सांगून सांगून तिला ते पाठ झालेलं. हुंदका कुठं, "माझं कपाळ फुटलं" कुठं, सगळं ठरलेलं. दुःख खोटं नव्हतं हो, पण जात्याच्या खुंट्यासारखं हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं.

सुनयनानं ऐकून घेतलं. "मावशी, आता बोलू नका. ते नुसतं मनात आणा आणि माझ्या बोटांकडं बघा. मान न्हाय हलवायची, फक्त डोळे."

बोटं डावीकडून उजवीकडं फिरायला लागली. मालुबाईला वाटलं, ही दृष्ट काढती. दृष्ट काढताना बोलायचं नसतं, म्हणून तिनं तोंड गच्च मिटलं. बाई जन्मात पहिल्यांदा गप्प बसली म्हणा ना! आणि तोंड बंद झालं तशी कुणालाच न सांगितलेली गोष्ट वर आली.

"मी हाक मारलेली," ती म्हणाली. "पलीकडनं. या की बिगीबिगी, म्हणून."

सुनयनानं समजूत घातली नाही. "बरं. ते धरा आणि परत बघा," एवढंच म्हणाली.

अशा बऱ्याच खेपा झाल्या. एका खेपेला बोटांमागं डोळे फिरवता फिरवता मालुबाई थबकली. तिला दिसलं, हाक ऐकून रवळूनं नुसता हात उडवलेला. मग खाली बसून वहाणेतला काटा काढला, तंबाखू मळली, आणि आपल्या सवडीनं उठला.

"माझ्या हाकेवर न्हाईत आले त्ये," ती म्हणाली. "उभ्या जन्मात माझी एक हाक ऐकली न्हाय त्येंनी." हसली, आणि मग पाठ नसलेलं रडली.

घरी येऊन तिनं पोराला सांगितलं, "रान कुणाला द्यायचं न्हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी रचनाबरोबर ती रस्त्याला आली. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. पाय लटपटले, पण निघाले. रचनाचा फोन वाजला म्हणून ती अलीकडंच थांबली. मालुबाई पलीकडं पोचली, वळली, सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. रस्ता मोकळा होऊन सून येईपर्यंत ती बांधावर हाक गिळून उभी राहिली.