प्रकरण नववं : चालणं

जे छापलेलं आहे ते जगात कुठेतरी असणारच, सापडत नसेल तर दोष आपल्या डोळ्यांचा, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि ती माझी मोठी नणंद आहे. निवृत्त झाल्यावर तिने ठरवलं की आपण कॉम्प्युटरवर ॲनिमेशन शिकायचं, म्हणजे चित्रं हलवायची. आणि तेही क्लास न लावता, कुणालाही त्रास न देता, निव्वळ पुस्तकं वाचून. ‘कुणालाही त्रास न देता’ हे तिचं म्हणणं. त्या पुस्तकांसाठी जे काही चालणं, वाकणं, उडी मारणं आणि पडून दाखवणं लागलं ते सगळं मी केलेलं आहे. मी बाळकुमला एका औषधाच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असते. संध्याकाळी कोपरला घरी येऊन चप्पल काढते न काढते तोच आतून आवाज यायचा, “आलीस? तशीच थांब. पर्स खांद्यावरच राहू दे. आता दारापासून फ्रीजपर्यंत चाल बघू. नेहमीसारखी.”

दिवसभर उभं राहिलेल्या माणसाला ‘नेहमीसारखं चाल’ म्हटलं की त्याला चालायचं कसं हेच आठवत नाही. मी दोनदा उजवाच पाय पुढे टाकला होता.

ताई (तोंडावर मी तिला अहो-जाहो करते, मनात अगं-तुगं) ठाण्याला एका सरकारी कचेरीत ट्रेसर होती. इंजिनिअरांनी काढलेले इमारतींचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचे, हे काम. तिची रेघ अशी होती म्हणे, की साहेब लोक पट्टी लावून बघायचे आणि पट्टीच वाकडी आहे म्हणायचे. मग कचेरीत कॉम्प्युटर आले. ट्रेसर नावाच्या माणसाची गरज संपली आणि ताईला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. तिथे ती निवृत्त होईपर्यंत शिक्के मारत राहिली. याबद्दल तिने कधी कुरकुर केल्याचं कुणाला आठवत नाही. निरोप समारंभाहून हातात गुच्छ घेऊन आली, तो बादलीत ठेवला आणि एवढंच म्हणाली, “इतकी वर्षं जे काढलं त्यातलं काही जागचं हललं नाही. आता हलणारं काढीन.” आम्हाला वाटलं, दमली असेल, चहा हवा असेल.

दुसऱ्या दिवशी ती कल्याणला गेली आणि रस्त्यावर जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडून उशीएवढी तीन पुस्तकं घेऊन आली. तिन्हींच्या मागच्या पानाला सीडीचं पाकीट चिकटवलेलं होतं आणि तिन्ही पाकिटं रिकामी होती. पुस्तकं होती एका सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवरची. माझ्या नवऱ्याने तिच्या कॉम्प्युटरवर टाकून दिलेली आवृत्ती होती अकरावी. मधल्या सहा आवृत्त्यांत बटणं इकडची तिकडे गेली होती, काही नाहीशीच झाली होती. ताईने पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, वर नाव-विषय लिहिलेल्या चिठ्ठ्या डकवल्या आणि पान एकपासून सुरुवात केली. प्रस्तावनासुद्धा सोडली नाही. आभाराच्या पानावर लेखकाने पत्नीचे आभार मानले होते, ते वाचून म्हणाली, “सज्जन दिसतो.” या सज्जन माणसाला तिने पुढे प्रकाशकाच्या पत्त्यावर चार पानी पत्र लिहिलं: पान एकशे चौदावरचं निळं बटण आपण सांगितल्या ठिकाणी नाही, कृपया कळवावे. उत्तर आलं नाही. ताई रागावली नाही. “त्यांनाही सापडत नसेल,” म्हणाली.

मी एकदा तिला मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला. एक तरुण हेच सगळं पाच मिनिटांत करून दाखवत होता. ताईने चष्मा लावून, मांडीवर वही घेऊन तो शेवटपर्यंत पाहिला आणि फोन मला परत दिला. “मुलगा हुशार आहे, पण फार घाईत आहे गं. पुस्तकावर बोट ठेवून मी आमटीला फोडणी देऊन येते, तरी ते तिथंच थांबलेलं असतं.”

चौथं प्रकरण होतं चेंडूचं. चेंडू वरून पडतो, आपटतो, पुन्हा उसळतो, बस एवढंच. त्याला तीन महिने लागले. सुरुवातीला तिचा चेंडू खाली यायचा तो जमिनीतून आरपार जायचा. मग तो वर गेला आणि आलाच नाही. पुस्तकात लिहिलं होतं की चेंडूला वजन आहे असं वाटलं पाहिजे, म्हणून ताई हॉलमध्ये रबरी चेंडू, क्रिकेटचा चेंडू, लिंबू आणि बटाटा पाळीपाळीने टाकून बघू लागली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ चौथ्या दिवशी वर आले. “अहो मॅडम, काय कुटताय रोज?” ताईने त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं आणि विचारलं, “बरं झालं आलात. मला सांगा, खाली किती वेळा ऐकू येतं? तीन की चार?” ते गृहस्थ भांडायला आले होते. दुसऱ्या दिवशी ते जिन्यात मला अडवून सांगत होते, “ताईंना सांगा, चारच. पण चौथा एकदम हलका.”

नववं प्रकरण माणसाच्या चालण्याचं. इथे आमचं घर खऱ्या अर्थाने कामाला लागलं. हॉलच्या लाद्यांवर खडूच्या खुणा आल्या. ताई भाजी आणायला जायची आणि भाजी न आणता पावलं मोजून यायची. एकदा कोपर स्टेशनबाहेर ती एका बाईच्या मागे बराच वेळ चालत राहिली. त्या बाईने शेवटी वळून विचारलं, “काय पायजे तुम्हाला?” ताई म्हणाली, “काही नाही हो, तुमचा डावा खांदा.” त्या बाईने पोलिसांना बोलावलं नाही ते मी नेमकी तिथून येत होते म्हणून.

आणि याच दिवसांत माझ्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या.

सासूबाई मूळच्या खाडीवरच्या कोळणी. तरुणपणी निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी भरलेली टोपली डोक्यावर घेऊन रोज किनाऱ्यावरून डोंबिवलीच्या बाजारापर्यंत चालत जायच्या आणि चालत यायच्या. अशा बाईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, आता उठवा, चालवा. व्यायाम शिकवणारी मुलगी आठवड्यातून तीनदा घरी यायची. सासूबाई तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करायच्या. “मना नको. मी चाललू तेवरी चाललू.” चार महिने त्या पलंगावरून खाली उतरल्या नाहीत. त्यांचं अंग पुसणं, चादरी बदलणं, भांडं देणं हे सगळं मी दुकानात जायच्या आधी करायचे आणि आल्यावर पुन्हा. नवरा पाळीवर, घरात असला तरी झोपलेला. डॉक्टरांनी शेवटी मला बाजूला घेऊन सांगितलं, “आत्ता उठल्या नाहीत तर मग उठणारच नाहीत.”

त्या संध्याकाळी मी घरात आले आणि आतून आवाज आला, “आलीस? तशीच थांब.”

मी थांबले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी नणंदेवर ओरडले. “ताई, तुमची बाई चालतेय की नाही त्याची मला पर्वा नाही. आपल्या घरातली बाई झोपून आहे. तिचं बघा काहीतरी!”

ताईने माझ्याकडे पाहिलं. पुस्तकात खूण घातली, ते मिटलं आणि उठून माझ्या हातातली भाजीची पिशवी घेतली. त्या दिवसापासून सासूबाईंचं सकाळचं सगळं तिने स्वतःकडे घेतलं आणि मला ‘चाल’ म्हणणं बंद केलं. मला शरम वाटली, पण खरं सांगते, त्याहून जास्त झोप आली.

महिन्याभराने, एका रविवारी दुपारी, तिने कॉम्प्युटरचं टेबल सरकवत सरकवत सासूबाईंच्या पलंगाशी आणलं. मी विचारलं, “हे काय?” म्हणाली, “पुस्तकात दिलंय. चित्र पुरं झालं की माहीतगार माणसाला दाखवावं.” आणि तिने कळ दाबली.

पडद्यावर एक कोळीण चालू लागली. कासोटा घातलेलं लुगडं, डोक्यावर टोपली, एक हात कमरेवर. माझ्या डोळ्यांना तर ती जिवंत वाटली. सासूबाई मान वळवून बघत राहिल्या.

“ही कोन गो?”

“तू,” ताई म्हणाली.

“मी?” सासूबाईंचा आवाज चढला. “मी अशी लंगरी होती?”

“लंगडी नाही आई, ते तुझं चालणं आहे.”

“कोनाचा चालना? मान बघ तिची, कोंबरीवानी पुरं काढलीय! सगली मासली खाली परंल. डोईवर वजन हाय तिच्या, वजन! मान हालत नाय, कंबर हालते.”

“कंबर हलवलीय की.”

“ही हालवलीय? ही तं वरात निघालीय!” सासूबाई कोपरांवर उठल्या. पलंगावर बसल्या बसल्याच त्यांनी खांदे सरळ केले, हात वर नेऊन नसलेली टोपली धरली, कंबर हलवून पाहिली. ते काही जमेना. त्या चिडल्या. “बसून कशी दावू? धर मना.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी धावले आणि त्यांच्या काखेत हात घातला. त्यांनी आधी एक पाय जमिनीवर ठेवला, मग दुसरा. उभ्या राहिल्या. मान अगदी ताठ. मग एक पाऊल टाकलं, आणि आणखी एक. तिसऱ्या पावलाला त्यांचा सगळा भार माझ्यावर आला.

“ताई!” मी ओरडले. “धरा ना त्यांना!”

ताई वही उघडून बसली होती. तिची पेन्सिल चालली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला तिला सवड नव्हती. “एक मिनिट,” ती म्हणाली. “आई, डावी टाच आधी टेकते की चवडा? मला दिसलं नाही. परत एकदा.”

“परत?” सासूबाई म्हणाल्या. “डोले हायेत का खोबनी?” आणि पुन्हा चालल्या.

हे तिने मुद्दाम केलं का, हे मी पुढे अनेकदा विचारलं. ताई प्रत्येक वेळी गोंधळून माझ्याकडे बघायची. “मुद्दाम काय? चूक होती, ती आईने दाखवली.” मला वाटतं, ती खरंच बोलत होती.

त्यानंतर सासूबाई रोज उठू लागल्या. आधी मला धरून, मग वॉकर घेऊन त्या ताईच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहायच्या आणि चुका काढायच्या. टाच चुकली, पदर चुकला, चिखलात पाय असा उचलत नाहीत, चिखल धरून ठेवतो. व्यायाम शिकवणारी मुलगी ‘किती छान प्रगती’ म्हणाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “ही पोरगी तीस वर्सं कागदं गिरवीत होती. तिला चालना कवा दिसनार?” दोघी मायलेकी तासन् तास भांडायच्या, आणि मी कुकर लावता लावता ऐकायचे. पण ते चित्र सासूबाईंना कधीच पसंत पडलं नाही. “जवल आलीय,” एवढंच म्हणायच्या. “पन ती मी नाय.”

दीड वर्ष त्या अशा हिंडल्या-फिरल्या. मग एका सकाळी, चहा व्हायच्या आधी, झोपेतच गेल्या.

दिवसकार्याला कोळीवाड्यातल्या बायका आल्या होत्या. त्यांच्यात एक अगदी म्हातारी होती, सासूबाईंबरोबर बाजाराला जाणारी. सगळ्या निघाल्यावर ताईने तिला थांबवलं, पडद्यापुढे बसवलं आणि विचारलं, “मावशी, सांगा, काय चुकलंय?” मावशीने बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली.

“मना काय म्हाईत, बाय? ती पुरं असायची, मी मागं. तिचा तोंड मी वाटंत कवा बगितलाच नाय. पाठ तेवरी वलखीन.”

मावशीला रिक्षात बसवून ताई वर आली आणि कॉम्प्युटरसमोर बसली. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी पुस्तक उघडलं नाही. बरेच महिने लागले.

परवा मी कामावरून आले, तर घरात कुणी हाक मारली नाही. ताई पडद्याकडे बघत होती. त्यावर डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई आमच्याकडे पाठ करून खाडीच्या बांधावरून चालली होती. मान स्थिर, कंबर हलणारी, टाच आधी टेकणारी. ती लहान लहान होत चालली होती. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून ताईच्या मागे उभी राहिले.

“थांबवायचं कुठे?” मी हळूच विचारलं.

ताईचा हात कळीवर होता, पण तिने ती दाबली नाही.

“जाऊ दे अजून थोडी,” ती म्हणाली.