नेच्यावरचा बर्फ

ऐंशीच्या दशकात मी सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो आणि रविवारी मेहुण्याचा कॅमेरा गळ्यात अडकवून रामाकोन्याकडच्या नाल्यांतून नेचे शोधत फिरायचो. नेच्याला ना फूल, ना फळ. पण पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके इतके नेमके ओळीत, की हे कोणी मांडले असा प्रश्न पडावा. बायको म्हणायची, "लोकं पोराबाळांचे फोटो काढतात, तुम्ही पाल्याचे काढून राहिले!"

एका जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. सकाळी नाल्यात उतरलो, तर नेच्यावर बर्फ! साखरेच्या दाण्यांएवढा, पानांच्या कडेकडेनं. गंमत म्हणजे, आभाळाखाली उघड्या असलेल्या पानांवरच. खडकाच्या आडोशाची पानं कोरडी, हिरवीगार. एकाच झुडपात असा दुजाभाव का? मी पालथा पडून बघत राहिलो. भान आलं तेव्हा ऊन काठावर आलं होतं आणि रोलमध्ये एकच फोटो उरला होता. तो काढला.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, तर पोरं एकमेकांकडे बघून हसली. संत्र्याच्या मुलखात म्हणे बर्फ! मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "सर, विज्ञान शिकवून राहिले का कीर्तन करून राहिले?" माझं डोकं लवकर तापतं. शनिवारी फोटोच दाखवतो, असं वर्गाला छातीठोकपणे सांगून बसलो.

रोल पांढुर्ण्याच्या स्टुडिओत दिला. तिथले म्हातारे फोटोग्राफर हाताचे पक्के. लग्नाच्या मुलींच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण पेन्सिलीनं आणि ब्लेडच्या टोकानं निगेटिव्हवरच नाहीसे करत. शुक्रवारी त्यांनी मोठी कॉपी समोर ठेवली. नेचा सुरेख आला होता, अगदी स्वच्छ. बर्फाचा एक कण नव्हता.

"पांढरे दाने दाने आले होते, मास्तर," ते कौतुकाची वाट बघत म्हणाले. "मले वाटलं, धुण्यात माह्यंच काही चुकलं. दोन दिवस भिंग लावून निगेटिव्हवरून खरवडले."

"अहो, तो बर्फ होता!" मी ओरडलोच. "उद्या पोरं मला थापाड्या म्हणतील!" आणखीही बरंच बोललो, त्यांच्या वयाचाही मान ठेवला नाही. ते चष्मा पुसत राहिले. परतीच्या बसमध्ये मला माझीच लाज वाटली, पण राग काही गेला नाही.

शनिवारी रिकाम्या हातानं वर्गात शिरलो. "सर, फोटो?" पहिल्याच बाकावरून आवाज आला. मी तोंड उघडणार, तोच दारात ते म्हातारे फोटोग्राफर उभे. ऐन लग्नसराईत दुकान बंद ठेवून पहिल्या बसनं आले होते, अंगात इस्त्रीचा कोट घालून. मला न विचारताच आत आले आणि मुलांपुढे त्यांनी हात जोडले.

"पोराहो, तुमचे सर खरं बोलून राहिले. पानावर बर्फ होता. फोटोतही आला होता. म्या खरवडला."

मला कुठे बघावं कळेना. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हळूच विचारलं, "आबाजी, तुम्ही पाह्यला काय बर्फ?"

"नाही वं माय, जन्मात नाही पाह्यला," ते म्हणाले. "पण एक एक दाना म्याच काढला ना."