अनोळखी हाताची शिवण

श्रीगजाननास व कुलस्वामिनीस वंदन करून, पुतण्या श्रीधर याच्या बोलावण्यावरून घडलेल्या बारामती-इंदापूरच्या प्रवासाची हकीकत लिहितो.

श्रीधर बारामतीस महायुद्धकाळातील अमेरिकन जीन्सच्या हुबेहूब प्रतिकृती करवून घेतो. पोहोचताच त्याने मूळ विजार माझ्यापुढे पसरली. युद्धामुळे धातू व दोरा यांची टंचाई. म्हणून रिव्हेट (खिशांच्या कोपऱ्यांवरच्या तांब्याच्या टिकल्या) मोजके, मागच्या खिशांवरची नक्षी शिवण्याऐवजी रंगाने काढलेली. उजव्या खिशाच्या कडेला मात्र पाच टाके वाट सोडून गेले होते आणि पुन्हा सरळ झाले होते.

"काका, हे पाच टाकेही जसेच्या तसे हवे होते. आमचे शिंपी उस्मानभाई, त्यांनी ते साधले. पण तेव्हापासून कुठल्याही कापडावर त्यांचा हात तसाच घसरतो. घाबरून घरी बसलेत. तुम्ही पौरोहित्य करता, काही शांती करता येईल का?"

दुपारी श्रीधरसह काटेवाडी मागे टाकून उस्मानभाईंच्या गावी, वरकुट्यास निघालो. उसाला तुरे (फुलोरा) आले होते. वारा नसताना ते सारे एकाच बाजूस कललेले दिसले.

उस्मानभाईंच्या घरी गूळ-शेंगदाणे पुढे आले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "चाळीस वरसं सरळ शिवलं, अन् आता नातीच्या झबल्याला वाकडी शिवण! म्या म्हनलं, चष्मा बदला."

"चष्म्याचं न्हाय गं," उस्मानभाई म्हणाले. "गुरुजी, डोळं मिटून त्या टाक्यांवर बोट फिरवलं, तवा जमलं. पन ज्यानं ते टाकं घातलं, त्यो हात माझ्या हातातनं गेलाच न्हाय."

मी माझ्या उपरण्याची उसवलेली कड शिवावयास दिली. मशीन एका लयीत चालले. एकाएकी त्यांनी मान वर करून दाराकडे पाहिले. सुई पाच टाके भरकटली. नकळत मीही वळलो. दारात कोणी नव्हते.

"काय पाहिलेत?"

"म्या न्हाय बघत. ती इजार शिवनारी बघती. तिचा मानूस लढाईवर हाय. ह्या टाक्यांपाशी आलं की दारात कुनीतरी आल्यागत वाटतं तिला."

श्रीधर हळूच म्हणाला, "काका, तिलांजली?"

"ज्याच्या मरणाची वार्ता नाही, त्याला तिलांजली देऊ नये."

उंबऱ्यापाशी बसून मी त्या अनामिकाच्या सुखरूप आगमनासाठी प्रार्थना केली. शेजारी उस्मानभाईंनी दुवा मागितली.

नंतरची शिवण सरळ गेली. त्यांच्या पत्नीने तीनदा बोट फिरवून खात्री केली. तरी त्या जागी येताच उस्मानभाईंची मान वर झालीच.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी," ते म्हणाले. "हात माझा मला मिळाला. वाट बघाया तिला माझं डोळं लागत्यात."

परतून आठवडा झाला. वस्त्राची प्रतिकृती करताना धाग्याचे माप घेता येते. त्या धाग्याशी कोणाचा जीव गुंतला आहे, हे आधी कळत नाही.

वाचकहो, आपल्या घरी ज्यांच्यासाठी कोणाचे डोळे दाराकडे लागले असतील, ते सारे सुखरूप उंबरा ओलांडून आत येवोत.