डाव्या हाताचं सारवण

सुरुवातीलाच सांगतो — मी मशीनवर आयुष्य काढलेला माणूस. पिंपरीला नवे नवे कारखाने उभे राहिले तेव्हा चाकणजवळच्या आमच्या वाडीतून कामाला जाणारा पहिला मीच. कुणाच्या अंगात आलं की मी म्हणायचो, "दोन दिवस शिफ्ट करायला लावा, आपोआप उतरतंय." तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा... मीही हसलो असतो.

गोष्ट एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची. वडील वारलेले. घरात आई, मी आणि माझी थोरली बहीण — आक्का. तिला नवऱ्यानं टाकलेलं, म्हणून ती माहेरीच. मला कडेवर घेऊन वाढवलं ते तिनंच.

आक्का डावखुरी. आईनं मारून मुटकून तिचं जेवण उजव्या हातावर आणलं, पण जमीन सारवायला बसली की डावाच हात पुढं यायचा. सगळ्या बायकांच्या बोटांचे फेर एका अंगाला वळायचे, हिचे उलटे. मी चिडवलं की शेणाचा हात घेऊन माझ्या मागं धावायची. तिचं हसणं मला अजून ऐकू येतं.

एकदा एक मुकादम वाडीत आला. कारखान्याच्या बांधकामावर बायका पाहिजेत म्हणाला. माणूस गोड बोलणारा. आक्का हुरळली — भावाच्या जिवावर किती दिवस खायचं, म्हणाली. आईनं आपल्या माहेरचे चांदीचे गोट तिच्या हातात घातले. आक्का गेली ती गेलीच. मी कामावर चौकशी केली, तर तिथं असा कुणी मुकादमच नव्हता!

काही महिन्यांनी तो भोसरीकडं पकडला गेला. एका पडक्या विहिरीत चार बायकांची हाडं सापडली, आणि त्याच्या खोलीत चुलीखाली पुरलेले दागिने. नवऱ्यानं टाकलेल्या, विधवा, पोटासाठी लांबून आलेल्या — ज्यांच्यामागं विचारणारं कुणी नाही, अशाच बायका तो हेरायचा. म्हणूनच फौजदारांची अडचण झाली. बाकीच्या तिघींचं कुणी माणूसच मिळेना. राहिलो आम्ही.

फौजदारांनी गोट आईपुढं ठेवले. "मावशी, ओळखा. तुम्ही ओळखले नाहीत तर हा सुटतोय."

आईनं गोट उलटसुलट करून बघितले. एक चिरला होता, त्याला तिनंच सोनाराकडून डाग लावून घेतला होता.

"न्हाई वळखत," आई म्हणाली. "माजी लेक जित्ती हाय."

घरी आल्यावर मी भांडलो. "आये, तो उद्या दुसरीला मारंल!" ती भाकरी थापत राहिली. आक्का गेली हे पटत मलाही नव्हतं, खरं सांगतो. ती मेली असं बोलून दाखवायची माझी तरी कुठं छाती होती...

मग कांदे काढायला आले. सगळी वाडी रानात. आम्हीही कडी लावून सकाळीच गेलो. दुपारी भाकरीला परतलो, कडी काढली — आणि ओल्या शेणाचा वास आला.

सोप्यात भिंतीलगत जमीन ताजी सारवलेली. अजून ओली. आणि बोटांचे फेर उलटे!

मी वेड्यासारखा ओरडत सुटलो, "आक्का आली! आक्का आली!" पाणवठा बघितला, देऊळ बघितलं, तळेगावच्या रस्त्यानं धावत गेलो. भेटेल त्याला विचारलं. कुणी तिला पाहिलं नव्हतं. तरी परत येताना मी हसतच होतो... फौजदारांना काय सांगायचं, ते मनात जुळवत होतो.

आई त्या जागेजवळ बसली होती.

"समदं घर सोडून एवढंच का सारवलं?" तिनं विचारलं.

मी नीट बघितलं. एका माणसाच्या लांबीची पट्टी. वडील गेले तेव्हा त्यांना ठेवलं होतं, तीच जागा. आमच्याकडं माणूस उचलून नेलं की मागं राहिलेल्या बायका ती जागा सारवतात, मग तिथं दिवा ठेवतात.

"तिचं कुणी केलं न्हाई," आई म्हणाली. "म्हून तिलाच करावं लागलं." तिनं दिवा लावून तिथं ठेवला आणि आम्ही दोघं मोठ्यानं रडलो.

दुसऱ्या दिवशी आई आपणहून फौजदारांकडं गेली. पुण्याच्या कोर्टात आरोपीच्या वकिलानं तिला धरलंच. "बाई, आधी तर ओळखत नाही म्हणाला होतात?"

"तवा माजी लेक जित्ती व्हती," आई म्हणाली.

मुकादमाला फाशी झाली. वाडीत लोकांनी पेढे वाटले. आईनं घेतला नाही, मीही नाही.

ते कुणी सारवलं असेल, यावर मी पुष्कळ डोकं चालवलं. मुद्दाम केलं म्हणावं, तर वाडीत दुसरी डावखुरी बाई नव्हती, आणि असला खेळ करण्याइतकं वैरही कुणाशी नव्हतं. उत्तर सापडलं नाही. आता ऐंशीच्या पुढं गेलोय, सापडेलसं वाटतही नाही.

त्यानंतर आईनं मरेपर्यंत घराला कडी लावली नाही. लग्न असो, जत्रा असो, आमच्यातलं एक जण घरी थांबायचंच. आक्का पुन्हा आली नाही. मला बाकी कशाचं काही नाही... एवढंच आतून खात राहतं — ती एकदाच घरी आली, आणि तेव्हा घरात कुणीच नव्हतं.