सैल बांधलेला फेटा

कुणी डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी जपून सावरली, की मला अजून आमच्या ठाण्यातली ती सकाळ दिसते आणि माझा उजवा हात आपोआप खिशात जातो. त्या हातानं त्या दिवशी एका माणसाचं वाटोळं होता होता राहिलं. ते माझ्या हुशारीमुळे राहिलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. विट्याच्या बाजूच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. मूळचा मी मेढ्याकडचा, भाताच्या खाचरांतून वाढलेला. ठाण्याच्या हद्दीत ऊस भरपूर आणि घरटी एखादा तरी मुलगा दूरच्या शहरात सोनं-चांदी गाळायच्या दुकानात, म्हणजे गलाईला. माझा स्वभाव तापट. गुन्हा दाखल झाला की संध्याकाळपर्यंत आरोपी समोर उभा हवा, अशी घाई. माझ्या मागे शिपाई मला ‘फटाकडी’ म्हणतात हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते आवडायचंही.

ठाणे अंमलदार होते आमचे हवालदार. साताऱ्याजवळच्या एका खेड्यातले, बौद्ध कुटुंबातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. स्टेशन डायरीतलं त्यांचं अक्षर पाहून वरचे साहेबसुद्धा थांबायचे. डोकं एवढं मोठं की सरकारी टोपी त्यांना कधी मापाची मिळाली नाही. मागची शिवण उसवून घालायचे. ठाण्यात कुणाचा निरोप समारंभ असो, फेटा बांधायला हवालदारच.

प्रकरण असं. एका भर दुपारी एक म्हातारी आजी शेतावर भाकरी पोचवून पाणंदीनं परत येत होत्या. मागून मोटारसायकल आली. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, काच खाली. त्यानं गळ्यातल्या बोरमाळेला हात घातला. आजींच्या हातात पितळी डबा होता. त्यांनी तो फिरवून त्याच्या डोक्यात हाणला. गडी गाडीसकट आडवा झाला, पण उठला आणि माळ घेऊन गेला.

मी स्वतः फिर्याद लिहून घेतली. आजी म्हणाल्या, “डबा बसल्याबरूबर त्येचं ते टोपडं गरकन फिरलं. काच कानावर आली. आंधळ्यावानी चाचपत हुता मुडदा.”

मी ते वाक्य लिहिलं आणि विसरलो. माझ्या डोक्यात एकच शब्द अडकला होता, हेल्मेट. आज हसू येईल, पण त्या काळात आमच्या हद्दीत हेल्मेट घालणारा माणूस शोधावा लागे. घातलंच कुणी, तर पोरं मागे पळत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खबर मिळाली. खबर देणारा केशकर्तनालय चालवणारा. त्याच्या दुकानात गावाची निम्मी गुपितं भादरली जात.

“सायेब, एक गलाईवाला चार दिसांमागं गावाकडं आलाय. लगीन तोंडावर आलंय आन नवरदेव दाढीलासुदिक दुकानात येत न्हाई. घरात बी टोपी काढत न्हाई. दोरीवर उशीचा अभ्रा वाळत हुता, त्येच्यावर रगताचं डाग. आन सोप्यात खुंटीला हेल्मेट, शहरातनं आणल्यालं.”

डोक्यात डबा बसलेला चोर, रक्ताची उशी, न निघणारी टोपी आणि वर हेल्मेट. मला वाटलं, देवानं ताट वाढून दिलं. तासाभरात तो माणूस हेल्मेटसह ठाण्यात होता.

वय तिशीचं. चेहरा सुजलेला, विशेषतः डोळ्यांभोवती. डोक्यावर मऊ, ढगळ सुती टोपी. मी विचारलं, “काल दुपारी कुठं होतास?”

“घरात.”

“कोण होतं सोबत?”

“आई.”

“डोक्याला काय झालंय?”

गप्प. पुन्हा विचारलं. टेबलावर हात आपटून विचारलं. तो रडकुंडीला आला, पण तोंड उघडेना. एवढंच म्हणाला, “सायेब, पंधरा-सोळा दिसांनी माझं लगीन हाय. मुलगी सातारची. तिचं वडील मिलिटरीतनं रिटायर झाल्यात. माझं नाव कागदावर आलं तर लगीन मोडतंय.”

“मग बोल.”

“बोललो तरी मोडतंय.”

असल्या उत्तरानं माझ्यासारख्या माणसाचं काय होणार? मी अटक करायचं ठरवलं. कोठडीत टाकण्याआधी अंगझडती असते. पट्टा, नाडा, टोपी, सगळं काढून घेतात. तो मुकाट्यानं एकेक काढून देत गेला. टोपीपाशी आला आणि दोन पावलं मागं सरकला. “सगळं घ्या, सायेब. टोपी ऱ्हाऊ द्या.”

आता माझं टाळकं फिरलं. आजी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मनात आलं, याची टोपी ओढावी, याचंच हेल्मेट याच्या डोक्यात घालावं आणि उभा करावा आजींसमोर. ओळख परेडची ही रीत नव्हे, हे मला कळत होतं. तरी डाव्या हातात हेल्मेट घेतलं आणि उजवा हात टोपीकडे नेला.

तो हात हवालदारांनी मनगटाला धरला. तीस वर्षांच्या नोकरीत माझा हात धरणारा खालच्या हुद्द्याचा माणूस तो एकच.

“सायेब, एक मिनिट. आत या.”

मी हेल्मेट टेबलावर आपटून खोलीत गेलो. हवालदार दार लोटून हळू आवाजात म्हणाले, “सायेब, म्या सकाळधरनं बघतोय. ह्यो खाली पडलेली चप्पल उचलाय वाकला न्हाई, गुडघं टेकून बसला. थंडीचं दिस हायती, अंगात बनेल न्हाई, निस्ता बटनाचा शर्ट. डोक्यावनं काढाय-घालाय लागंल असं कायबी त्येच्या अंगात न्हाई. चोर टोपी घालतोय तोंड लपवाय. ह्यो तोंड लपवत न्हाई, डोकं जपतोय.”

हवालदारांनी त्याला आत आणलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शेजारी बसले. “बोल गड्या. ही डायरी म्या मिटून ठिवलीया.”

मग तो बोलला. पंचविशीतच त्याचे केस गेले होते. दोन ठिकाणी मुलीकडच्यांनी टकलावरून नकार दिला. या मुलीला पाहायला गेला तेव्हा डोक्यावर फेटा होता, आणि फोटो जुना. लग्न ठरलं आणि त्याला झोप येईना. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरकडे जाऊन त्यानं मागचे केस काढून पुढे लावून घेतले. झडतीत काढून ठेवलेल्या वस्तूंतून त्यानं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. त्यावर काय करायचं नि काय नाही, सगळं लिहिलं होतं. सैल सुती टोपीच घालायची. ती आधी मागे टेकवायची आणि मग पुढे अलगद सोडायची, घासायची नाही. उशी उंच घ्यायची. खाली वाकायचं नाही. आणि खाली रेघ मारून: तीन आठवडे हेल्मेट बंद. कालचा दिवस ऑपरेशननंतरचा सहावा होता.

कागद कुणीही लिहून आणील. मी तिथल्या तिथे मुंबईला फोन लावला. डॉक्टरांनी आधी त्याच्याशी बोलून खात्री करून घेतली, मग मला म्हणाले, “सहाव्या दिवशी त्यांनी घट्ट हेल्मेट घातलं असतं, तर काढताना पुढचा सगळा भाग सोलवटून निघाला असता. तुम्ही स्वतः बघा ना. फक्त टोपी त्यांनाच काढू द्या, आणि हात लावू नका.”

त्यानं स्वतःच्या हातानं टोपी वर उचलली. मी वाकून पाहिलं. बारीक बारीक खपल्या, ओळीत, अंतर राखून, आमच्या खाचरातल्या लावणीसारख्या. एक रोप हललेलं नव्हतं. डोळ्यांवर उतरलेली सूजही ऑपरेशनचीच, हेही डॉक्टरांनी सांगितलं. आणि मी, शेतकऱ्याचा मुलगा, त्या लावणीत म्हैस सोडायला निघालो होतो.

माझ्या टोपीखाली तेव्हाही फारसं पीक नव्हतं, त्यामुळे लाज जरा जास्तच वाटली. “चुकलो,” एवढं त्याला म्हणालो. वर्दीत असताना तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला.

आश्चर्य म्हणजे पुढचा धागाही त्यानंच दिला. जाता जाता म्हणाला, “सायेब, आजी भायेर सांगत हुत्या, टोपडं फिरलं म्हून. माझं हेल्मेट घालाय दोन्ही बाजूनं वढावं लागतंय. फटका बसला तर मान फिरंल, हेल्मेट न्हाई फिरायचं. जे फिरलं ते त्येच्या मापाचं न्हवतं. दुसऱ्याचं असंल.”

फिर्यादीतलं ते वाक्य माझ्याच हातानं लिहिलेलं होतं. मी हवालदारांकडे पाहिलं. हवालदार स्वतःच्या उसवलेल्या टोपीकडे पाहत होते. म्हणाले, “मापाचं नसलेलं डोक्यावर कसं बसतंय, मला इचारा. आन आपल्या हद्दीत ह्येच्याबिगर हेल्मेट आणतंय कोण? फौजी लोक. त्येंना कायदाच हाय पलटणीत.”

मग फार वेळ लागला नाही. सुट्टी संपवून पलटणीत परत गेलेले जवान किती आणि कुणाची गाडी घरी आहे, याची यादी हवालदारांच्या तोंडपाठ होती. तिसऱ्याच घरी मोटारसायकल सापडली. जवान धिप्पाड, त्याची गाडी सध्या वापरत होता त्याचा काटकुळा मेहुणा. कोपर सोललेलं. हेल्मेटवर डब्याच्या काठाचा अर्धगोल पोचा होता. पंचांसमोर आजींचा डबा त्या पोच्याला लावला, तो चपखल बसला. मेहुण्यानं अर्ध्या तासात कबुली दिली आणि ज्वारीच्या कणगीतून बोरमाळ काढून दिली. आजींनी माळ ओळखली, गळ्यात घातली आणि जाताना मला म्हणाल्या, “सकाळच्या त्या पोराला चा पाजा. लय भ्यालं हुतं.”

चहा पाजला. त्याचं नाव आरोपी म्हणून कुठेच आलं नाही. पण त्याचा प्रश्न सुटला नव्हता. लग्नात फेटा बांधणार, तो आवळून बांधणार, आणि वर मुंडावळ्या. तो दिवस तीन आठवड्यांच्या जेमतेम पलीकडचा. पुन्हा डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तोवर खपल्या गेलेल्या असतील, फेटा चालेल. पण मऊ कापड, सैल, आणि ओढाताण नको.

हवालदार त्याला म्हणाले, “फेट्याचं माझ्याकडं लागलं. पर त्या पोरीला आदी सांग. उद्या तिला दुसऱ्याकडनं कळलं, तर ती केसाचं न्हाई, खोट्याचं मनाला लावून घील.”

त्याची एकट्याची हिंमत होईना. रजेच्या दिवशी हवालदार त्याच्याबरोबर एसटीनं साताऱ्याला गेले. मुलीच्या वडिलांशी पलटणीच्या गप्पा मारत अंगणात बसले आणि या दोघांना बोलू दिलं. परत आल्यावर मी विचारलं, काय झालं? हवालदार हसत होते.

“पोरीनं समदं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘आवं, मग फेटा सैल बांधाय सांगा.’”

लग्नाला मी साध्या कपड्यांत गेलो. हवालदारांनी धुऊन मऊ केलेला मलमलीचा फेटा आणला होता. तो त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर बांधलाच नाही. आधी स्वतःच्या त्या मोठ्या डोक्यावर बांधला, दोन्ही हातांनी अलगद उचलला, आणि नवऱ्याच्या डोक्यावर मागून टेकवून पुढे सोडला. कागदावर लिहिलं होतं तसाच. मुंडावळ्या फेट्यावरूनच गेल्या. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “एवढा सैल का रं बांधला?” हवालदार म्हणाले, “वारं खेळाय.”

त्या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. चौकशीत माणूस गप्प बसला की आपण धरून चालतो, तो गुन्हा लपवतोय. नंतरच्या नोकरीत मी गप्प माणसाला आधी खुर्ची देत गेलो, आणि तो काय जपतोय ते पाहत गेलो. दुसरं म्हणजे, फिर्यादीत लिहिलेलं वाक्य रोज एकदा वाचायला लागलो. आणि खालच्या माणसानं हात धरला, तर तो झटकायचा नाही.

पण हे सगळं मी हवालदारांना कधी बोललो नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले तेव्हा माझी बदली झाली होती. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो. गेलो तो ते वारल्यावरच, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला. अंगणात मांडव होता. टेबलावर बुद्धाची मूर्ती, शेजारी हवालदारांचा वर्दीतला फोटो, समोर मेणबत्त्या. फोटोतही टोपी जराशी वर चढलेलीच होती.

रांगेत माझ्या पुढे एक पोक्त माणूस उभा होता. बरोबर बायको आणि उंच वाढलेली मुलगी. दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास करून आले होते. त्यानं मागे वळून मला ओळखलं आणि माझा हात धरला.

मी विचारलं, “केस टिकले का?”

“निम्मं गेलं, सायेब,” तो म्हणाला. शेजारी उभ्या बायकोकडे पाहून हळूच म्हणाला, “ही हाय.”

त्याची पाळी आली. त्यानं डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि फोटोसमोर पार खाली वाकला. नंतर मी पुढे झालो. माझ्याही डोक्यावर टोपी होती. उजव्या हातानं ती काढली.