वाक्याचे दोन वाटे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या टीचरचे. गावात त्यांना लहानथोर सगळेच टीचर म्हणतात, त्यामुळे इथेही तेवढंच पुरे. चर्चमागच्या रस्त्यावर त्यांचं कौलारू घर आहे. हायस्कूलमधून निवृत्त झाल्यावर त्या पडवीत बँकेच्या परीक्षांचं इंग्रजी शिकवत. फी घेत नसत. मी बी.कॉम. झालो होतो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील ट्रॉलरवर खलाशी, आई बाजारात मासे विकते. बँकेच्या क्लार्क परीक्षेत गणितात मला बरे गुण पडले होते, पण इंग्रजीत मी अडकलो होतो. त्या विभागात ठरलेले किमान गुण मिळाले नाहीत तर बाकीच्या गुणांना काही अर्थ राहत नाही. आणखी दोन वर्षं बघायचं, नाहीतर ट्रॉलरवर जायचं, असं घरात ठरलं होतं.

टीचरनी माझा सरावपेपर पाहिला आणि एकाच प्रकारच्या प्रश्नांवर बोट ठेवलं. वाक्यातली चूक ओळखा, आणि वाक्यात तुलना. 'या कारखान्याचं उत्पादन त्या कारखान्यापेक्षा जास्त आहे' अशा अर्थाची इंग्रजी वाक्यं. मी सगळीकडे 'चूक नाही' अशी खूण केली होती. मला खरोखरच त्यात चूक दिसत नव्हती. आमच्याकडे असंच बोलतात. माझी आई रोज बाजारात ओरडायची, "आमचे बांगडे देवगडापेक्षा ताजे आसत, घेवन बघा!"

टीचर एकदा तिच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "देवगड काय बांगडो आसा गो?"

"टीचर, तुमी मासे घेवक इलास काय पेपर तपासूक?" आई म्हणाली. आजूबाजूच्या बायका हसल्या. टीचरही हसल्या आणि बांगडे घेऊन गेल्या.

त्यांनी शिकवलेली रीत बाजारातलीच होती. आमच्याकडे मासळी वाट्यावर विकतात. फळीवर लहान लहान ढीग मांडलेले असतात, त्यांना वाटे म्हणतात. गिऱ्हाईक एक वाटा दुसऱ्या वाट्याशी ताडून बघतं. टीचर सांगत, वाक्य वाचलं की कागदावर दोन गोल काढ. हे दोन वाटे. कशाची तुलना चालली आहे ते पहिल्यात लिही, कशाशी चालली आहे ते दुसऱ्यात. एका वाट्यात उत्पादन आणि दुसऱ्यात अख्खा कारखाना आला, तर वाक्य चुकलं. मग दुसऱ्या वाट्यात 'दॅट ऑफ' घालायचं, वस्तू अनेक असतील तर 'दोज ऑफ'. वर्गातल्या एका मुलीची तुलना वर्गातल्या 'कुठल्याही' मुलीशी असेल, तर ती स्वतःही दुसऱ्या वाट्यात जाऊन बसते. तिला बाहेर काढायला 'अदर' हवं.

"आधी वाटे घाल. मगे उत्तर," असं त्या दर वाक्याला म्हणत. घाई केलेली त्यांना चालत नसे. एका संध्याकाळी पंधरा वाक्यं व्हायची, कधी दहाच.

आम्ही तिघं होतो, मी आणि शेजारच्या वाडीतल्या दोन मुली. मुलींच्या वह्या गोलांनी भरल्या होत्या. मला मात्र वेळेची भीती वाटायची. परीक्षेच्या दोन महिने आधी मी कुडाळच्या एका क्लासलाही जाऊ लागलो. टीचरना सांगितलं नाही. तिथले सर म्हणत, व्याकरण करत बसाल तर वेळ जाईल. वाक्य मनात वाचा, कानाला बरं वाटलं की पुढे चला. मला ते पटलं, कारण ते सोपं होतं. ज्याचा कान लहानपणापासून इंग्रजी ऐकत आला आहे, त्याला ते जमतही असेल. माझ्या कानाला मात्र देवगडापेक्षा ताजे बांगडेच बरोबर वाटायचे.

परीक्षेच्या केंद्रावर कच्च्या कामासाठी कोरा कागद मिळाला. इंग्रजीच्या विभागात मी त्यावर एकही गोल काढला नाही. निकाल आला तेव्हा इंग्रजीत दोन गुण कमी होते.

टीचर पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी निकाल सांगितला. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पेपरात वाटे घातलंस मां?"

"होय, टीचर."

"सगळ्या वाक्यांक?"

"सगळ्यांक."

कुडाळच्या क्लासचं सांगायला लाज वाटली म्हणून मी असं बोललो. यापलीकडे काही कारण नव्हतं.

"मगे तुझां काय चुकलां नाय. माझीच रीत जुनी झाली," असं म्हणून त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

पुढच्या सोमवारी आम्ही तिघं गेलो तेव्हा पडवीतला फळा उतरवलेला होता. त्या मुलींना म्हणाल्या, "तुमी कुडाळाक जावा. थयले सर आताचे आसत. माझ्याकडे रवलास तर तुमचांय वर्ष फुकट जायत." मुली माझ्याकडे बघू लागल्या. मी फळ्याच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिलो. त्यांतली एक एसटीने कुडाळला जाऊ लागली. दुसरीला घरून एवढ्या लांब पाठवेनात. तिने अभ्यास सोडला आणि काजूच्या कारखान्यात कामाला लागली.

त्यानंतरचं वर्षभर मी घरी एकटाच वाटे घालत बसलो. पहिले तीन आठवडे फार वेळ लागायचा. पुढे गोल लहान होत गेले, मग नुसत्या दोन रेघा पुरू लागल्या आणि शेवटी वाक्य वाचतानाच दोन ढीग दिसू लागले. एका प्रश्नाला अर्धं मिनिटही लागेना. त्या वर्षी मी पास झालो.

पेढे घेऊन मी आधी टीचरकडे गेलो. त्यांना मनापासून आनंद झाला. मग त्यांनी विचारलं, "कुडाळच्या सरांक दिलंस?" कुडाळला जाणाऱ्या मुलीकडून मी तिथल्या क्लासला गेल्याचं त्यांना कळलं होतं, आणि ते निकालानंतरचंच असं त्या समजत होत्या.

"नाय."

"मगे दी. त्येंचे उपकार इसरू नको."

मी मान हलवली आणि निघालो. तेव्हाही खरं सांगितलं नाही.

आता मी विदर्भातल्या एका शाखेत आहे. गेल्या महिन्यात आईने फोनवर सांगितलं की शेजारचा मुलगा इंग्रजी शिकवा म्हणून टीचरकडे गेला होता, आणि त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. त्या रविवारी मी पत्र लिहिलं. मराठीतच लिहिलं. इंग्रजीत लिहिलं असतं, तर त्या आधी चुका बघत बसल्या असत्या.

'आदरणीय टीचर,

मी तुमच्याशी दोनदा खोटं वागलो. तुमच्याकडे शिकल्यावर नापास झालो त्या पेपरात मी वाटे घातले नव्हते. एकाही वाक्याला नाही. त्याआधी दोन महिने तुम्हाला न सांगता मी कुडाळच्या क्लासला जात होतो, आणि तिथली रीत वापरून नापास झालो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी सगळं तुमच्यावर ढकललं.

पुढच्या वर्षी मी फक्त तुमची रीत वापरली आणि पास झालो. त्या वर्षी मी कुठल्याच क्लासला गेलो नाही. पेढे दिले तेव्हा हे सांगायला हवं होतं.

तुम्ही शिकवणं थांबवलंत ते माझ्या बोलण्यावरून. त्यात एका मुलीचा अभ्यास सुटला. तिलाही मी वेगळं पत्र लिहिलं आहे. परीक्षेची वयाची मर्यादा तिने अजून ओलांडलेली नाही. ती तुमच्याकडे आली, तर माझ्यावरच्या रागापायी तिला परत पाठवू नका, एवढीच विनंती आहे. माफी मागायला मी सुट्टीत येईन. तुम्ही दार उघडलं नाहीत, तरी ते बरोबरच असेल.

तुमचा विद्यार्थी'