वाढणारीनं गप्प राहावं

जेवायला बसल्या की बाई उजव्या हातानं घास घ्यायच्या आणि डावा हात पदरासकट तोंडावर धरून ठेवायच्या. घास आत जाण्यापुरता हात बाजूला व्हायचा, की परत तोंडावर. नवीन माणसाला वाटायचं, बाईंचा दात दुखतो. दात सगळे शाबूत होते, दुखणं जिभेचं होतं. कोणाच्या ताटात काय आहे, कोण जाड झालं, कोण वाळलं, हे बोलल्याशिवाय बाईंना राहवत नसे. आणि ज्या मंडळाच्या त्या अध्यक्ष होत्या, त्याचा पहिला नियमच हा होता, की ताटावर यातलं काही बोलायचं नाही. नियमही त्यांनीच केलेला.

नागपूरच्या लकडगंजात आमची पिठाची चक्की होती. आजूबाजूला लाकडाच्या वखारी आणि लाकूड चिरणाऱ्या आरामशिनी. बाई मागच्या गल्लीत राहायच्या. मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. देह भरभक्कम, आवाज त्याहून. आमच्या शाळेत चौथीपर्यंत गृहशास्त्र नव्हतं, म्हणून मी एकदा विचारलं, त्यात शिकवता तरी काय?

"शिजवायचं कसं ते जन्मभर शिकवलं," बाई म्हणाल्या. "जेवायचं कसं ते एकीलेही नाही शिकवलं."

मंडळाला जागा हवी म्हणून त्या माझ्याकडे आल्या तेव्हा चक्की सुरू होती. चक्कीवर बोलायचं म्हणजे ओरडायचं. बाई माझ्या कानाशी ओरडत होत्या, की काही पोरी घरात अन्न असून जेवत नाहीत, काही लपून खातात आणि ओकून टाकतात, त्यांना धरून जेवणावर आणायचं आहे, पण सगळं गुपचूप. "कोणाले कळता कामा नाही!" असं त्या ओरडल्या आणि नेमकी वीज गेली. पट्टा थांबला. ओळीतल्या बायका डबे हातात धरून आमच्याकडे बघत राहिल्या.

"काय कळता कामा नाही वं बाई?" मागून एकीनं विचारलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या लकडगंजला कळलं. मंडळाचं लांबलचक नाव बाईंनी ठरवलं होतं, ते कोणी घेतलं नाही. लोक 'खादाड मंडळ' म्हणायचे. मी मागची खोली दिली, कारण सगळ्या सभासद बायका दळण माझ्याकडेच आणतील असं बाईंनी कबूल केलं होतं. समाजसेवेचं मला काही पडलेलं नव्हतं.

दर शनिवारी चक्की बंद झाली की मागच्या खोलीत तालीम चालायची. तालीम कशाची, तर आग्रह न करण्याची. आपल्याकडे पाहुण्यानं नको म्हटल्यावर त्याच्या पानात जे पडतं, त्यालाच खरं वाढणं समजतात. बाईंचं म्हणणं, ज्या पोरीला अन्नाची भीती बसली, तिला आग्रह म्हणजे मारच. म्हणून एकीनं न जेवणारी पोरगी व्हायचं आणि बाकीच्यांनी वाढून गप्प बसायचं. एकदा मी पोरगी झाले. पोस्टमास्तरांच्या नलूबाई भाजीचा डाव घेऊन माझ्यापुढे आल्या.

"नको," मी म्हटलं.

नलूबाईंनी डाव माझ्या ताटावर आणलाच. "थोडीशी..."

"बाहेर!" बाई गरजल्या.

"मी कुठं काय म्हटलं? थोडीशी एवढंच तर म्हटलं."

"तेच म्हणायचं नाही ना! जा, पोते झटका."

चुकलेलीनं अंगणात जाऊन पिठाची रिकामी पोती झटकायची, हा दंड होता. त्या वर्षी माझी पोती धुतल्यासारखी स्वच्छ राहिली. सगळ्यात जास्त बाईंनीच झटकली.

दुसरी अडचण याहून मोठी निघाली. ताटावर बोलायचं तरी काय? जेवण, अंग, रंग आणि दुसऱ्याच्या पोरी एवढे विषय काढून टाकल्यावर आमच्याजवळ काही उरेना. पहिल्या शनिवारी आम्ही आरामशिनीच्या आवाजावर बोललो. दुसऱ्या शनिवारीही आरामशिनीवरच बोललो. तिसऱ्या वेळी नलूबाईंनी, पोस्टात आलेल्या तारांचे कागद बकरीनं कसे खाल्ले ते सांगितलं. खाण्याचा विषय निघाला म्हणून एकीनं हरकत घेतली. बाईंनी निकाल दिला, "बकरीचं चालते."

बाई शाळांतही जायच्या. स्नेहसंमेलनाच्या नाटकात राक्षस नेहमी वर्गातल्या जाड मुलीलाच करतात, ते बंद करा, असं त्यांनी एका शाळेच्या मोठ्या बाईंना सांगितलं. "मग राक्षस कोण करणार?" मोठ्या बाईंनी विचारलं. "तुम्ही करा," बाई म्हणाल्या. त्या शाळेत परत बोलावणं आलं नाही.

आता कुंदाचं सांगते. चक्कीला लागूनच तिचं घर. मॅट्रिक झालेली, हसरी, धावत चक्कीवर येणारी पोरगी. भंडाऱ्याहून तिची आत्या स्थळ घेऊन आली. मुलाकडचे आले, पोहे खाल्ले, चहा प्याले, गेले, आणि नकार कळवला. आत्यानं कारण कुंदाच्या तोंडावरच सांगितलं. "पोट्टी अंगानं जरा भारी दिसते असं म्हणून राहिले ते."

कुंदानं सोळा सोमवार धरले. मग गुरुवार धरला, मग शनिवार. चतुर्थी आणि एकादशी होत्याच. आठवड्यात जेवायला वार उरेना. तुमचेआमचे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, रताळी. उपासाच्या दिवशी आपलं पोट जास्तच भरतं. कुंदाचे उपास खरे होते. आणि आमच्या गल्लीला ते फार आवडले. पोरगी असावी तर कुंदासारखी, असं ज्या त्या घरात पोरींना ऐकवू लागले. नवरात्रात कुमारिका म्हणून तिला घराघरातून बोलावणं यायचं. जिला जेवू घालायला बोलावलं ती जेवत नाही म्हटल्यावर लोक तिच्या पुण्याईवर आणखी खूश व्हायचे, पाया पडायचे आणि उपाशीच परत पाठवायचे.

तिचे केस गळू लागले. पाळी बंद झाली. नागपूरच्या मे महिन्यात ती गोधडी पांघरून बसायची. एक दिवस माझ्या चक्कीवर डबा हातात धरून उभी होती, ती डब्यासकट खाली पडली. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, टॉनिक द्या आणि लग्न करून द्या. टॉनिक आणलं. ते तिचा बाप प्यायचा, त्याची तब्येत छान सुधारली.

बाई माझ्यासोबत कुंदाच्या घरी गेल्या.

"तुमची पोट्टी मरून राहिली, माय," त्यांनी उंबऱ्यातूनच सांगितलं.

"शुभ बोला वं बाई!" कुंदाची आई म्हणाली. "सोमवार करून राहिली ती."

"सोमवार एक असते. बाकीचे वार कोणाचे?"

"धरम कराले मना करता? मास्तरीण असून?"

"मना नाही करत. रोज चक्कीच्या खोलीत माझ्यासंगं बसू द्या तिले. जेवली नाही तरी चालते."

परत येताना बाईंनी मला एक गोष्ट सांगितली, पुन्हा कधी काढली नाही. त्यांच्या वर्गात एक मुलगी होती. बांधा कसा नेटका असावा हे दाखवायला बाईंनी तिला वर्गापुढे उभं केलं होतं. ती तशीच नेटकी राहण्यासाठी न खाता खाता गेली. घरच्यांनी विषमज्वर सांगितला. "मले माहीत होतं," बाई म्हणाल्या. बाई मंडळ कशासाठी चालवत होत्या ते मला त्या दिवशी कळलं.

कुंदा येऊन बसू लागली. बाई दोन ताटं मांडायच्या, दोन्हींत पातेल्यातून जिचं तिनं घ्यायचं. बाई जेवायच्या, कुंदा बसून राहायची. तिच्या ताटात पाहायचं नाही असं ठरलेलं, म्हणून बाई खिडकीतून वखारीकडे बघत बकरीच्या गोष्टी सांगायच्या. काही दिवसांनी कुंदा वरणाचं पाणी घेऊ लागली. मग भात. पुढे पुढे पोळी. मी कामात असल्याचं दाखवून दारातून बघायची. असेच महिने गेले. एका शनिवारी आम्ही सगळ्याजणी बसलो असताना कुंदानं आपल्या हातानं दुसऱ्यांदा भाजी घेतली.

नलूबाई गप्प राहिल्या. मीसुद्धा. गप्प राहिल्या नाहीत त्या बाईच. "पाहा वं!" त्या आनंदानं ओरडल्या. "गालावर कसं तेज आलं पोट्टीच्या!"

कुंदानं गालाला हात लावला. ताट बाजूला सारलं आणि उठून गेली. आमच्या कानांना तेज ऐकू आलं होतं, तिला ऐकू आलं की गाल दिसायला लागले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. घरी सगळे वार परत सुरू झाले.

बाईंना पोती झटकायला कोणी सांगितलं नाही. त्या उठल्या, कुंदाच्या घराच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि रोज बसू लागल्या. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही, एक शब्द बोलल्या नाहीत. येणारेजाणारे विचारायचे, बाई काहून बसल्या? बाई नुसती मान हलवायच्या. सतत बोलणाऱ्या बाईला असं गप्प बसलेलं बघवत नव्हतं. चेहरा लाल व्हायचा. अखेर एका दुपारी कुंदाच बाहेर आली.

"तुम्ही अशा गप्प राहून राहून मरसाल, बाई," ती म्हणाली. "चला चक्कीवर."

तेव्हापासून तो डावा हात तोंडावर आला.

बाई आता नाहीत. पुढे त्या मुलाकडे रायपूरला गेल्या आणि तिकडेच वारल्या. इथे शोकसभा झाली, तीत एक गृहस्थ बाईंच्या स्वयंपाकवर्गाबद्दल फार छान बोलले. मंडळ बाईंच्या मागे थोडे दिवस चाललं. मग नलूबाईंच्या घरी सून आली, आग्रह सुरू झाला, आणि मागच्या खोलीत मी उडदाची पोती ठेवली. मला बाई आठवतात त्या कुंदाच्या घरच्या उद्यापनातल्या.

वर्षभरात कुंदा माणसांत आली होती. तिच्या आईनं सोळा सोमवारांचं उद्यापन केलं, गल्ली बोलावली, मांडव घातला. महादेव पावला आणि टॉनिक लागू पडलं, असं ती पहिल्या पंगतीला उभं राहून सांगत होती. बाईंनी चार शब्द बोलायचं ठरवलं होतं. आदल्या दिवशी चक्कीवर मला सगळं भाषण ऐकवलं होतं, त्यात मंडळाचं पूर्ण नाव तीन वेळा होतं. म्हणून त्या पंगतीला न बसता उभ्याच होत्या. आम्ही मंडळाच्या बायका वाढत होतो. कुंदाच्या पानात पुरणपोळी होती, एक घास मोडलेला. बाईंनी घसा साफ केला.

तेवढ्यात समोरच्या ओळीतून भंडाऱ्याची आत्या बोलली. "आता कशी भरली वं पोट्टी! पाठ पाहा, दंड पाहा!"

कुंदाचा हात थांबला. मग मागे गेला. तिनं तो मांडीखाली घातला. मांडवभर माणसं तिच्या पाठीकडे आणि दंडांकडे बघत होती. मला वाटलं, झालं, वर्षभराचं सगळं गेलं.

बाईंनी भाषण गिळलं. वाढणारीच्या हातातलं तुपाचं भांडं हिसकावलं आणि आत्याच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आत्याबाई! तुमचं पान रिकामं!"

"नको, नको, झालं माझं."

"झालं कसं? पोरीच्या बापाची सख्खी बहीण तुम्ही! नलूबाई, पोळी आणा!"

किती दिवसांपासून नलूबाईंनी तोंड दाबून धरलं होतं. त्या पुरणपोळ्यांची परात घेऊनच आल्या. "एक माझ्या नावाची घ्या."

"नको वं माय!"

"मग महादेवाच्या नावाची."

"अवं, पोट फुटून राहिलं माझं!"

"भंडाऱ्याची लाज राखा, आत्याबाई!" बाई तूप ओतत होत्या. आत्यानं दोन्ही हात पानावर आडवे धरले, तर नलूबाईंनी पोळी त्या हातांवरच ठेवली. सगळ्या मंडळानं आत्याला घेरलं. मीसुद्धा वडे घेऊन गेले. पुरुषमंडळी शेजारच्या ओळीतून "वाढा, वाढा" म्हणून ओरडू लागली. अख्खा मांडव उठून आत्याच्या पानात बघत होता, कुंदाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

मी तेवढं वळून पाहिलं. कुंदा हसत होती. हसताना तिचा हात मांडीखालून कधी निघाला ते तिचं तिलाही कळलं नसेल.

भाषण राहून गेलं. परत येताना वाटेत मी बाईंना सांगितलं, "जेवली."

"तू काहून पाहिलं?" बाई भडकल्या. "पाहायचं नाही असं ठरलं ना आपलं?"

मी चालत राहिले. वखारीपाशी त्या थांबल्या.

"किती जेवली?"

"पाहायचं नाही ना?"

"अवं, सांग ना वं!"

मी नाही सांगितलं.

कोपऱ्यावर भजीवाला उभा होता. बाई सकाळपासून उपाशी होत्या. आत्याला वाढता वाढता यांचं बसायचं राहून गेलं होतं. कागदावर गरम भजी घेऊन त्या भर रस्त्यात उभ्या राहिल्या. आरामशिनीचा भुसा उडून लुगड्यावर बसत होता.

"पुरी पोळी खाल्ली असंन तिनं," भरल्या तोंडानं त्या मला म्हणाल्या, आणि भजीवाल्यापुढे परत कागद धरला.